गाभ्यांतील पडीक नोंदवही

खानदेश हा एके काळीं एकच जिल्हा होता. १९०६ सालीं त्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. पूर्व भागाचें मुख्य ठाणें जळगांव व पश्चिम भागाचें धुळें. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या सुमारास हींच दोन ठाणीं जिल्ह्यांच्या नांवांत आलीं, आणि १९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार निराळा काढण्यांत आला. अशा प्रत्येक फेरबदलानें राज्यकर्त्यांचें काम संपतें, पण कारकुनाचें तेथूनच सुरू होतें. जुन्या नांवानें आलेलें पत्र परत धाडून चालत नाहीं. ‘शहादें, पश्चिम खानदेश’ असा पत्ता वाचून तें कोणत्या थैलींत टाकावयाचें, याचा एक नियम टपालाचा कारकून मनाशीं बांधतो. आपल्या जागीं येणाऱ्या नव्या माणसास तो नियम शिकवितो. तो नवा माणूस पुढच्यास शिकवितो. दरम्यान तशीं पत्रें विरळ होत जातात आणि एके दिवशीं येण्याचींच थांबतात. नियम मात्र थांबत नाहीं. ज्याला गिऱ्हाईक उरलें नाहीं असा नियम पाठ करण्याचा शीण चालूच राहतो. आणि तो आतां टाकून द्यावा असें म्हणण्याचें धैर्य कोणास होत नाहीं. न जाणों, उद्यां एकादें पत्र आलेंच तर?

संगणकाच्या पोटांत हाच प्रश्न वारंवार उभा राहतो. २०२१ सालीं लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यांतून स्मृतीची मांडणी ठेवण्याची एक जुनी पद्धति काढून टाकण्यांत आली. ही घटना वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांनीं छापली जाण्यासारखी नव्हती. परंतु जी वस्तु कोणी वापरीत नाहीं ती केव्हां व कशी काढावी, याचा एक चांगला धडा तीमध्यें आहे, आणि तो संगणकाच्या बाहेरहि उपयोगी पडणारा आहे.

कार्यप्रणालीचा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, तो म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामधला कारभारी होय. पत्र लिहिण्याचा कार्यक्रम असो, हिशेबाचा असो, कीं चित्रें दाखविण्याचा असो, प्रत्येकास स्मृतींतील जागा हवी असते, आणि ती देण्याघेण्याचा अधिकार या गाभ्याचा. लिनक्सचा गाभा फिनलंडमधील हेलसिंकी येथें लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहावयास घेतला. त्या वेळीं त्याच्या आज्ञावलीच्या ओळी सुमारें दहा हजार होत्या. २०२० सालापर्यंत त्या अडीच कोटींच्या पुढें गेल्या. जगांतील मोठमोठे गणनयंत्रसंच या गाभ्यावर चालतात, आणि जळगांवच्या सराफबाजारांत किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर हातोहातीं दिसणारा अँड्रॉइड फोनहि त्यावरच चालतो. म्हणून या गाभ्यांतील केरवारा हा केवळ चार विद्वानांचा विषय राहत नाहीं.

स्मृतीचा कारभार कसा चालतो हें समजण्यास तलाठ्याच्या दप्तराची आठवण करावी. गांवच्या शिवारांत जमिनीचा प्रत्येक तुकडा क्रमांकानें ओळखला जातो, आणि त्या क्रमांकाचा सातबारा उतारा असतो. जमीन कोणाच्या नांवावर आहे, तींत पीक काय आहे, तिच्यावर बोजा आहे कीं नाहीं, हें उताऱ्यावरून कळतें. संगणकाचा गाभा आपली स्मृति अशीच लहान लहान तुकड्यांत पाडतो. एकेका तुकड्यास पान म्हणतात, आणि बहुतेक यंत्रांत एक पान ४,०९६ बाइटांचें असतें. प्रत्येक पानामागें एक नोंद. पान मोकळें आहे कीं वापरांत, किती जण तें वापरीत आहेत, तें कोणत्या कामीं लागलें आहे, हा सर्व तपशील त्या नोंदींत. चौसष्ट-बिट यंत्रावर अशी एक नोंद सामान्यतः ६४ बाइट जागा घेते, म्हणजे एकूण स्मृतीचा चौसष्टावा हिस्सा नुसत्या दप्तरास लागतो. सोळा गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रांत ४१,९४,३०४ पानें होतात, आणि त्यांच्या नोंदी २५६ मेगाबाइट जागा अडवितात. दप्तर फुकट राहत नाहीं, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवावी.

हें दप्तर ठेवण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे एकच सलग वही. पहिल्या पानाची नोंद पहिल्या ओळीवर, दहा हजाराव्या पानाची दहा हजाराव्या ओळीवर. क्रमांक सांगितला कीं ओळ सांपडली, शोधाशोध नाहीं. लिनक्समध्यें या रीतीस फ्लॅटमेम असें नांव आहे. स्मृति सलग असेल तोंपर्यंत या रीतीस तोड नाहीं. परंतु सर्व यंत्रांत स्मृति सलग नसते. कोठें तापीच्या पात्रासारखी मधेंच मोठी पोकळी असते. तिला क्रमांक असतात, पण तेथें जमीन नसते. सलग वही ठेवणारा त्या पात्रासाठींहि कोऱ्या ओळी सोडीत जातो. एकाद्या यंत्रांत दोनच गिगाबाइट स्मृति आहे, पण तिचे दोन भाग चौदा गिगाबाइटांच्या पोकळीच्या दोन कांठांवर आहेत, असें समजावें. सलग वहीस सोळा गिगाबाइटांच्या ओळी लागतील. म्हणजे २५६ मेगाबाइट, एकूण स्मृतीचा आठवा हिस्सा, आणि त्यांतील बहुतेक भाग वाळूच्या नोंदींवर खर्च!

१९९९ सालीं यावर एक तोड निघाली. स्मृतीचा प्रत्येक मोठा भाग हा एक निराळा जिल्हा समजावा आणि प्रत्येक जिल्ह्याची वही निराळी ठेवावी. या रीतीचें नांव डिस्कंटिगमेम. ती मुख्यतः अनेक प्रोसेसरांच्या मोठ्या यंत्रांसाठीं निघाली. अशा यंत्रांत स्मृतीचा कांहीं भाग एका प्रोसेसराच्या जवळ व कांहीं दुसऱ्याच्या जवळ असल्यामुळें जिल्ह्यांची विभागणी स्वाभाविकच होती. नदीपात्राच्या ओळी वांचल्या, परंतु एक नवें काम वाढलें. आतां नुसता क्रमांक सांगून भागेना. तो क्रमांक पूर्वेच्या जिल्ह्यांतला कीं पश्चिमेच्या, हें आधीं ठरवावयाचें आणि मग त्या जिल्ह्याची वही उघडावयाची. जिल्हा ओळखण्याची रीतहि यंत्रागणिक निराळी. शिवाय ज्या लहान यंत्रांत अनेक प्रोसेसर नव्हतेच, केवळ स्मृतींत पोकळ्या होत्या, त्यांतहि हे जिल्हे कल्पून घ्यावे लागले. जिल्हा नसतां जिल्ह्याची पाटी लावली, म्हणजे पुढें वाचणाऱ्याची फसगत ठरलेलीच.

२००५ सालीं तिसरी रीत आली. तिला स्पार्समेम म्हणतात. तींत सर्व स्मृतीचे सारख्या मापाचे मोठे गट पाडले जातात. सध्यांच्या घरगुती चौसष्ट-बिट यंत्रांवर असा गट १२८ मेगाबाइटांचा असतो. ज्या गटांत स्मृति आहे त्याचीच वही ठेवावयाची; पोकळ गटाची नाहीं. पांझरेच्या कांठीं फडपद्धतींत असाच हिशेब संबंध फडाचा होतो. बंधाऱ्याखालच्या थळाचे फड पाडलेले असतात, आणि पीक कोणतें व पाणी किती हें वाफ्यागणिक न ठरतां फडागणिक ठरतें. त्यामुळें पाटकऱ्यास प्रत्येक शेतकऱ्याचें निराळें त्रैराशिक मांडावें लागत नाहीं. फड लहानमोठे असतात आणि स्मृतीचे गट एकाच मापाचे, इतका फरक सोडला तर उपमा जुळते. माप एकच असल्यामुळें क्रमांकावरून गट काढणें हें साध्या भागाकाराचें काम झालें. नव्या स्मृतीचे गट यंत्र चालू असतांना जोडण्याची सोयहि या रीतींत बसली. दोन वर्षांनीं, २००७ सालीं, तींत अशी सुधारणा झाली कीं पोकळ्या असूनहि वही सलग असल्याप्रमाणें वाचतां यावी. मधल्या रीतीचें प्रयोजन तेव्हांच संपत आलें होतें.

परंतु प्रयोजन संपलें म्हणून वस्तु नाहींशी होत नाहीं. स्पार्समेम आली ती डिस्कंटिगमेमची जागा घेण्याच्या उद्देशानेंच. तरी जुनी रीत आणखी सोळा वर्षें गाभ्यांत बसून होती. याचें कारण आळस हें नव्हे, निदान केवळ आळस नव्हे. कांहीं जुनीं यंत्रें अजून तिच्यावर अवलंबून होतीं. १९९२ सालीं निघालेला डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा अल्फा प्रोसेसर हें त्यांपैकीं एक. मोटोरोलाच्या ६८००० या घराण्यांतील यंत्रें हीं दुसरीं. ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉशमध्यें व अमिगा संगणकांत त्याच घराण्याचे प्रोसेसर होते. एआरसी नांवाचे लहान, इतर उपकरणांच्या पोटांत बसविले जाणारे प्रोसेसर हीं तिसरीं. या यंत्रांचे वापरणारे थोडे, त्यांची आज्ञावली सांभाळणारे त्याहून थोडे. जेथें माणसें थोडीं तेथें जुनें चालू ठेवणें हेंच सर्वांत स्वस्त पडतें, आणि त्याचा खर्च इतर सर्वांच्या माथीं जातो.

हा खर्च कसला, असें विचारलें जाईल. कोणी वापरीत नसेल तर ती आज्ञावली पडून राहीना कां. खायला तर मागत नाहीं? ही समजूत चुकीची आहे. गाभ्यांतील स्मृतीच्या कारभारांत जो कोणी सुधारणा करूं पाहतो त्यास आपली सुधारणा तीनहि वह्यांत बसते कीं नाहीं हें पाहावें लागतें. ज्या यंत्रावर ती तपासावी तें यंत्र त्याच्याजवळ नसतें. बहुधा कोणाजवळच नसतें. म्हणून तो तर्कानें लिहितो, आणि न तपासलेल्या ओळींवर आणखी न तपासलेल्या ओळी चढतात. अल्फा यंत्रावरील अनेक-प्रोसेसर स्मृतीचा विभाग काढून टाकला गेला तेव्हां त्यावर ‘मोडलेला’ अशी खूण असून पंधराहून अधिक वर्षें लोटली होतीं. मोडलेल्या वस्तूची इतकी वर्षें झाडलोट चालली होती.

आणि ज्या ओळींकडे कोणी पाहत नाहीं त्यांतून धोकाहि निघतो. एकाच यंत्राच्या पोटांत अनेक कल्पित यंत्रें चालविणारी क्यूईएमयू नांवाची एक प्रणाली आहे. तींत फ्लॉपी चकतीचें नियंत्रण करणारा एक भाग होता. फ्लॉपीचा जमाना संपून गेला होता. पण त्या भागांत २००४ सालापासून एक दोष दडून बसला होता, तो २०१५ सालीं उघडकीस आला. त्या दोषाच्या वाटेनें एका कल्पित यंत्रांतील दुष्ट इसम बाहेर पडून मूळ यंत्रावर ताबा मिळवूं शकला असता. कांहीं मांडणींत तर चालकानें फ्लॉपी बंद केली असली तरीहि तो भाग आंतून जागाच राहत असे. ज्या मागल्या दारानें घरांतलें कोणी जात-येत नाहीं, त्याची कडी निखळली आहे कीं नाहीं हें पाहण्याचें कोणास सुचत नाहीं.

आतां प्रत्यक्ष काढून टाकण्याचें काम कसें झालें तें पाहावें. गाभ्याच्या स्मृतिविभागांत काम करणारे माइक रापोपोर्ट यांनीं तें हातीं घेतलें. त्यांनीं कुऱ्हाड प्रथम उचलली नाहीं. प्रथम पर्यायी व्यवस्था केली. अल्फा यंत्रास स्पार्समेमवर नेलें. एआरसी व ६८००० या यंत्रांसाठीं मात्र जुनी सलग वहीच पुरेशी ठरली, फक्त तींतील नदीपात्राच्या कोऱ्या ओळींची जागा सोडवून ती पुन्हां वापरास देण्याची तजवीज झाली. हे फेरबदल गाभ्याच्या ५.११ या आवृत्तींत आले. ती फेब्रुवारी २०२१ मध्यें प्रसिद्ध झाली. यानंतर जुनी रीत कोणाच्याच गरजेची उरली नाहीं. ती ऑगस्ट २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ५.१४ या आवृत्तींतून काढून टाकण्यांत आली.

काढतांना नुसती वहीच गेली असें नाहीं. एकाच गोष्टीस दोन नांवें पडलीं होतीं. त्यांपैकीं निरर्थक झालेलें नांव काढून एकच ठेवलें गेलें. जमिनीस गट क्रमांक मिळाल्यावरहि जुना सर्व्हे क्रमांक तोंडांत राहतो आणि दोन माणसें एकाच बांधाविषयीं दोन निरनिराळ्या आंकड्यांनीं भांडतात, तसलाच हा घोटाळा होता. मार्गदर्शक पुस्तिकेंतून त्या रीतीचें वर्णनहि काढलें गेलें, कारण वस्तु गेल्यावर तिचें वर्णन मागें राहिलें तर तें नवख्यास वाट चुकवितें. येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अल्फा, एआरसी किंवा ६८००० यांपैकीं एकाहि यंत्राची लिनक्समधील सोय या कामानें गेली नाहीं. घर पाडलें नाहीं. ज्या जिन्यानें कोणी चढत नव्हतें तेवढा काढला, आणि तोहि दुसरा जिना बांधून झाल्यावर.

परंतु सर्वच वेळीं इतकें सुखानें होत नाहीं, हेंहि मान्य केलें पाहिजे. १९८५ सालीं निघालेला इंटेलचा ८०३८६ हा प्रोसेसर म्हणजे लिनक्सचें जन्मघर. टॉर्वाल्ड्स यांनीं पहिला गाभा लिहिला तो त्याच्यासाठींच. त्याच्यांत एक उणीव होती. एकाद्या पानावर ‘लिहूं नये’ अशी खूण केली तर सामान्य कार्यक्रम ती पाळीत, पण खुद्द गाभ्यानें तेथें लिहावयास घेतलें तर प्रोसेसर त्यास अडवीत नसे. म्हणून गाभ्यास निराळी खबरदारी घ्यावी लागे. १९८९ सालच्या ८०४८६ पासून ही उणीव दूर झाली, तरी ती खबरदारी मागें राहिली. डिसेंबर २०१२ मध्यें इंगो मोल्नार यांच्या हातून ८०३८६ ची सोयच काढून टाकण्यांत आली, आणि फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ ही आवृत्ति त्या यंत्रावर चालेनाशी झाली. येथें पर्यायी जिना नव्हता. त्या यंत्राच्या धन्यास जुनी आवृत्ति धरून राहणें एवढाच मार्ग उरला.

यांत अन्यायाचा अंश नाहीं काय? यावल किंवा साक्री तालुक्यांतील एकाद्या शाळेस शहरांतून दान आलेले जुने संगणक असावेत, आणि मुलांचें शिक्षण त्यांवरच चालत असावें, अशी कल्पना करावी. श्रीमंतानें टाकलेलें यंत्र गरिबाच्या घरीं आणखी दहा वर्षें चालतें. ऑगस्ट २०२५ मध्यें डेबियन या लिनक्सच्या प्रसिद्ध संचानें आपल्या तेराव्या आवृत्तीपासून जुन्या बत्तीस-बिट संगणकांवर नव्यानें स्थापना करण्याची सोय बंद केली. खुद्द लिनक्सच्या गाभ्यांत त्या यंत्रांची सोय शिल्लक असतांनाहि संचाच्या चालकांना तो भार पेलेना. असे निर्णय ज्यांच्यावर येऊन आदळतात त्यांचा आवाज निर्णय घेणाऱ्यांच्या कानापर्यंत पोंचतोच असें नाहीं. म्हणून ‘कोणी वापरीत नाहीं’ हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं शंभरदां विचार केला पाहिजे. ‘माझ्या ओळखीचें कोणी वापरीत नाहीं’ असा त्याचा खरा अर्थ पुष्कळदां असतो.

तरीहि यावरून कांहींच काढूं नये असें ठरत नाहीं. जी मांडणी खरोखरच कोणाच्या उपयोगाची नाहीं तिचें ओझें जो वाहतो, त्याचे कष्ट अखेर गरिबाच्या यंत्राच्या वांट्यासच कमी पडतात. सांभाळणारे हात मोजके आहेत; ते निरुपयोगी वहीच्या झाडलोटींत गुंतले तर जुन्या पण चालू असलेल्या यंत्राकडे पाहणार कोण? १९९९ सालची ती वही गेल्यानें ६८००० ची यंत्रें अनाथ झालीं नाहींत; उलट त्यांची आज्ञावली सुटसुटीत झाली व ती सांभाळणें सोपें झालें. तेव्हां प्रश्न ठेवावें कीं काढावें एवढाच नाहीं. शेवटच्या वापरणाऱ्याचा शोध घेतला काय? त्याची दुसरी सोय लावली काय? त्यास बोलण्यास अवधि दिला काय? आणि काढलेली वस्तु पुन्हां पाहावयास मिळेल अशी ठेवली काय? हे चार प्रश्न विचारून मगच हात घालावा.

यांतील शेवटच्या प्रश्नाचें उत्तर देण्यास धुळें शहरासारखी दुसरी जागा नाहीं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून लोकांच्या माळ्यांवरचे, देव्हाऱ्यांतले, फडताळांतले जुने कागद गोळा केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास त्यांचा देह पडला, आणि १९२७ सालीं त्यांच्या नांवानें तेथेंच संशोधन मंडळ स्थापन झालें. त्या दप्तरांतील वतनाच्या सनदा किंवा महजर यांच्या आधारें आज कोणी जमिनीचा कारभार करीत नाहीं. त्यांची जागा तलाठ्याच्या टेबलावर नाहीं. तरी त्यांचें मोल कमी झालेलें नाहीं. चालू कारभारांतून कागद काढणें एक, आणि तो चुलींत घालणें दुसरें. या दोहोंत जो फरक करूं शकत नाहीं त्याच्या हातीं कोणतेंच दप्तर देऊं नये.

लिनक्सच्या लेखकांनीं हा फरक सांभाळला आहे. टॉर्वाल्ड्स यांनीं एप्रिल २००५ मध्यें गिट नांवाचें एक साधन तयार केलें. गाभ्यांतील प्रत्येक फेरबदल कोणी केला, केव्हां केला व कां केला, याची नोंद तींत राहते. २०२१ सालीं काढलेल्या त्या वहीची प्रत्येक ओळ तेथें आहे, आणि ती काढण्याचें कारणहि तिच्याच शेजारीं लिहिलेलें आहे. जळगांवच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठांत संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यास, किंवा शिरपूरच्या एकाद्या मुलास, हा सर्व इतिहास विनामूल्य आपल्या यंत्रावर उतरवून घेतां येतो. जुनी रीत कशी होती, ती कोठें अडखळत होती, तिच्या जागीं दुसरी कशी आली, हें तो ओळीगणिक वाचूं शकतो. गाभ्यांत तिची अडगळ उरलेली नाहीं, आणि शिकणाऱ्यापासून ती लपविलेलीहि नाहीं.

टपालाच्या त्या कारकुनानें काय करावें, याचें उत्तर आतां देतां येईल. त्यानें प्रथम कांहीं वर्षें पाहावें, कीं जुन्या पत्त्याचें पत्र खरोखर येतें काय. येत असेल तर पाठविणारास नवा पत्ता कळवावा. येण्याचें थांबलें म्हणजे नव्या माणसास तो नियम शिकविणें सोडावें. पण सोडण्यापूर्वीं एका कागदावर तो लिहून, त्याखालीं कारण व तारीख घालून, कागद दप्तरांत ठेवावा. मग एकादे दिवशीं चुकून तसें पत्र आलेंच, तर दप्तर उघडून तो कागद काढतां येईल. रोजच्या रोज तो पाठ म्हणण्याची गरज राहणार नाहीं.